कोथिंबिरीसाठी कार: सोलापुरातल्या छोट्या फेऱ्या कमी करायच्या कशा?

सोलापूर तसं आटोपशीर शहर आहे. पार्क चौकात उभं राहिलं की नवी पेठ, चार हुतात्मा पुतळे, भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर, सगळं पायी होण्यासारखं. सात रस्त्यावरून नवी पेठ गाठायची तर अंतर दोन किलोमीटरच्या आसपास. तरी संध्याकाळी सात वाजता नवी पेठेत कार घालून बघा. आत शिरायला दहा मिनिटं, जागा शोधायला दहा, आणि काम काय, तर ब्लाउजपीसला मॅचिंग अस्तर.

हा लेख प्रामुख्यानं विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर अशा नव्या वस्त्यांतल्या अपार्टमेंट आणि कॉलन्यांसाठी आहे. पूर्व भागातल्या माणसाला यात शिकवण्यासारखं फारसं काही नाही. तिथं घर, माग, किराणा आणि चहाचा गाडा एकाच गल्लीत असतो. पिढ्यान् पिढ्या माणसं पायीच कामाला गेली. गाडीशिवाय पान हलत नाही ते आपल्याकडे, कारण आपण प्लॉट आधी पाडले आणि दुकानं नंतर आली.

गेल्या काही वर्षांत आमच्या कॉलनीत आणि ओळखीच्या दोन-तीन सोसायट्यांत अशा छोट्या फेऱ्या कमी करायचे प्रयोग बघितल्यावर माझं एक ठाम मत झालंय. दीड किलोमीटरसाठी कार निघते ती अंतरामुळे क्वचितच. ती निघते तीन कारणांनी: काहीतरी विसरलेलं असतं, बाहेर ऊन असतं आणि गाडी दारातच उभी असते. म्हणून ‘सायकल चालवा, पर्यावरण वाचवा’ असा फलक लावून काही होत नाही. विसरणं आणि ऊन या दोन गोष्टींची सोय लावली की निम्मं काम होतं. क्रम असा ठेवा: आधी फेरी रद्द करता येते का बघा, नाहीतर दुसऱ्या फेरीला जोडा, मग पायी, मग सायकल, मग शेअर रिक्षा किंवा सिटी बस. कारऐवजी स्कूटर काढली तर त्याला मी अर्धा विजय म्हणेन. जागा वाचते, पेट्रोल वाचतं, पण सवय तीच राहते.

थंड इंजिनाचा हिशेब

लोकांना पटवायचं असेल तर हवामान बदलापासून सुरुवात करू नका. इंजिनापासून करा.

पेट्रोल इंजिनाचं नेहमीचं कामाचं तापमान नव्वद अंशांच्या आसपास असतं. तिथं पोचायला काही किलोमीटर लागतात. तोवर इंजिन जास्त पेट्रोल पितं, ऑइल घट्ट असतं, आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट कामाला लागलेला नसतो, कारण त्याला अडीचशे-तीनशे अंशांची उष्णता लागते. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे सगळ्यात घाण धूर पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्येच निघतो, तोही आपल्याच गल्लीत. सोलापूरच्या उन्हात इंजिन गारठलेलं नसतं हे मान्य. पण चाळीस अंशांवरची गाडीसुद्धा नव्वदपासून लांबच की.

उन्हानं इथं एक वेगळीच भर पडते. दुपारभर बाहेर उभी असलेली कार आतून भट्टी झालेली असते. बसल्या बसल्या एसी शेवटच्या नंबरवर. आतली हवा जरा निवते तोवर दुकान आलेलं असतं. परत येताना पुन्हा तेच. इंजिन जेव्हा सगळ्यात जास्त पितं, नेमका तेव्हाच एसी पूर्ण ताकदीनं चालू असतो.

हायवेला लिटरमागे अठरा देणारी गाडी अशा फेऱ्यांत दहावर आली तर नवल नाही. जाऊन-येऊन चार किलोमीटर म्हणजे चारशे मिली पेट्रोल. लिटर शंभराच्या वर आहे, तेव्हा वीस रुपयांच्या कोथिंबिरीला चाळीस रुपये हमाली. शिवाय इंजिन तापायच्या आत बंद झालं की ऑइलमध्ये साठलेली वाफ उडून जात नाही आणि स्टार्टरनं ओढलेला करंट बॅटरीला परत मिळत नाही. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडून बघा. सतत छोट्या फेऱ्या हा बहुतेक कंपन्या ‘खडतर वापर’ धरतात आणि ऑइल लवकर बदलायला सांगतात.

एवढं ऐकल्यावर घरातला कर्ता पुरुष थोडा विचारात पडतो, असा अनुभव आहे. त्यानंतर हवेबद्दल बोला. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आणि केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेच्या शुद्धतेची ठरलेली पातळी न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचंही नाव आहे. रस्त्यावरची धूळ त्याचं मोठं कारण आहे, आणि ती धूळ उडवतात चाकं.

पहिला आठवडा: काही बदलू नका, नुसतं लिहा

फ्रिजवर एक कागद लावा. रकाने चारच: कुठे, कशासाठी, अंदाजे अंतर, किती जण गेले. तीन किलोमीटरच्या आतली प्रत्येक फेरी लिहायची, कारची असो की स्कूटरची. अंतर मोबाईलच्या नकाशावर एकदा मोजून घ्या. मनातलं अंतर नेहमी वाढीव असतं, विशेषतः मधे एखादा मोठा चौक असेल तर. आसरा चौक ओलांडायचा म्हटलं की अर्धा किलोमीटरसुद्धा परगाव वाटतं.

सोसायटीत करायचं तर पाच-सहा घरं पुरेत. वॉचमनला गेटवर गाड्या मोजायला बसवू नका. ते पाळत ठेवल्यासारखं होतं आणि पहिल्याच मिटिंगला भांडण लागतं. प्रत्येकानं आपला कागद आपल्या घरी ठेवावा, आठवड्यानं फक्त ‘कशासाठी’ हा रकाना एकत्र वाचावा. बहुतेक ठिकाणी तीच ती यादी येते: भाजी आणि दूध, विसरलेला किराणा, मुलांची शाळा आणि क्लास, पाण्याचा जार, औषधं, जिम किंवा वॉकिंग ट्रॅक. या शेवटच्यावर हसू येतं, पण चालण्यासाठी संभाजी तलावापर्यंत कारनं जाणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत.

फेरी मुळात लागूच नये यासाठी

इथं सगळ्यात जास्त कमाई आहे आणि घाम अजिबात नाही.

सुरुवात भाजीवाल्यापासून करा. आपल्या बऱ्याच सोसायट्या गेटवर ‘फेरीवाल्यांस प्रवेश बंद’ अशी पाटी लावतात आणि मग पन्नास घरांतून पन्नास गाड्या मंडईकडे निघतात. हातगाडी आली तर एक माणूस पन्नास घरांसाठी चालतो. त्याला आत घ्यायचं नसेल तर नका घेऊ, पण गेटजवळ सावलीची जागा आणि वार ठरवून द्या. सोमवार, बुधवार, शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते सात, कडुनिंबाखाली. हे ठरवताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, पहिल्या दोन आठवड्यांत गिऱ्हाईक नक्की मिळेल एवढी घरं आधी तयार करा. दोन फेऱ्या तोट्यात गेल्या की तो तिसऱ्यांदा येणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. दोन, आदल्या रात्री ग्रुपवर ‘उद्या काय हवंय’ हे विचारून त्याला एकच मेसेज जाऊ द्या. मेथी किती घ्यायची हे त्याला मंडईतच कळलं पाहिजे. तीन, दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्यांना समजावा. मंडईपेक्षा दोन रुपये जास्त दिले तरी पेट्रोलच्या चाळीसपेक्षा स्वस्तच पडतं.

मग जार. शहराला उजनीचं पाणी येतं, तेही रोज नाही, म्हणून पिण्यासाठी जार आणणारी घरं भरपूर. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो. तो पायी आणा असं कुणी म्हणणार नाही. पण एका इमारतीतून आठ कार आठ वेगवेगळ्या वेळी एकाच प्लांटवर जातात, याला काही अर्थ नाही. प्लांटवाल्याशी बोलून एक वार, एक वेळ, एकच छोटा टेम्पो ठरवा. रिकामे जार आदल्या रात्री जिन्याखाली, घर क्रमांक मार्करनं लिहून. पैसे महिन्याला एकदम.

किराण्याला एक साधा नियम चालतो: ‘विसरलं तर उद्या.’ चहापत्ती, साखर, मीठ, तेल यांचं एकेक पाकीट शिलकीत ठेवायचं. शिलकीतलं उघडलं की लगेच यादीत. बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या एकदम आणाव्यात आणि पट्टीत सात उरल्या की नवी चिठ्ठी काढावी. घरपोच मागवणं हा मात्र फसवा उपाय आहे. दुकानातला पोरगा एका पुड्यासाठी स्कूटर हाणत आला तर फेरी तुमच्या नावावरून त्याच्या नावावर गेली, एवढंच. दुकानदाराला सांगा, आमच्या इमारतीचं सगळं संध्याकाळी एकदाच पाठवा. त्यालाही तेच परवडतं.

जी कामं राहतात ती जोडा. नवी पेठ, बँक, टेलर अशी पेठेतली कामं आठवड्यातून एका दिवशी. गाडी न्यायचीच असेल तर पार्कच्या बाजूला एकदा लावा आणि बाकी पेठ पायी फिरा. दुकानागणिक गाडी हलवण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात दोन कामं उरकतात.

उन्हाचं काय?

सोलापुरात हा प्रश्न टाळून बोलणाऱ्यानं एप्रिलमध्ये एकदा दुपारी दोनला चालून दाखवावं. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असताना कुणालाही पायी किंवा सायकलवर पाठवू नये, आणि तसा आग्रहही धरू नये. मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सकाळी साडेनऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, एवढ्याच वेळा आपल्या. म्हणूनच कामांना वार आणि वेळ लावून घ्यायला सांगतोय. दुपारची फेरी रद्द झाली की उन्हाचा प्रश्न उरतोच किती?

वाट सावलीवरून निवडा, अंतरावरून नको. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी पूर्वेकडच्या इमारतींची सावली पूर्वेच्याच कडेला पडते, संध्याकाळी पश्चिमेच्या कडेला. विजापूर रोडसारख्या रस्त्यावर जाताना आणि येताना बाजू बदलली तरी फरक जाणवतो. पूर्व-पश्चिम रस्त्यांवर उन्हाळ्यात हा डाव चालत नाही; मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर भर दुपारी सूर्य इथं बरोबर डोक्यावर असतो आणि आपली सावली पायाखाली जाते. अशा ठिकाणी झाडांची गल्ली शोधायची. कॉलनीतल्या दोघा-तिघांनी एका संध्याकाळी पाच वाजता फिरून कागदावर कडुनिंब, पिंपळ, बसायचा कट्टा, पाण्याची टाकी आणि कुत्री कुठे असतात हे टिपलं तर त्याचा साधा नकाशा होतो. तो लिफ्टजवळ लावा. शंभर मीटर लांबची पण सावलीची गल्ली माणूस आनंदानं घेतो.

बाकी तयारी आपल्याकडे जुनीच आहे: डोक्याला पांढरा सुती रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा सैल कपडा, निघण्याआधी पाणी. चक्कर, मळमळ, घाम एकाएकी थांबणं यांपैकी काही झालं तर फेरी तिथंच सोडा, सावलीत बसा, अंग ओलं करा आणि कुणाला तरी बोलवा. पावसाची सबब मात्र सोलापूरकरांनी सांगू नये. छत्री उघडायचे दिवस इथं मोजकेच.

पायी

बेतानं चाललं तरी किलोमीटरला बारा-तेरा मिनिटं. गाडी काढणं, गेट उघडणं, जागा शोधणं धरलं तर कारला साधारण तेवढीच लागतात. फरक पडतो तो हातातल्या ओझ्यानं. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालणं कंटाळवाणं, म्हणून पाठीवरची सॅक घ्या किंवा चाकांची पिशवी. आपल्या फुटलेल्या फूटपाथवर चाकांची पिशवी घ्यायची तर मोठ्या चाकांचीच, नाहीतर ती उचलूनच न्यावी लागते.

‘लोक काय म्हणतील’ हाही अडथळा आहे, आणि तो खोटा नाही. कार घेतलेल्या माणसानं पिशवी घेऊन पायी जाणं म्हणजे ‘काय, गाडी बंद आहे का?’ हे ठरलेलं. त्यावर एकच औषध, दोघा-तिघांनी मिळून जाणं. एकटा माणूस चालला तर त्याची चौकशी होते, चौघं चालली तर ती फिरायला निघालेली असतात. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर ६८ लिंगांची वाट तुडवणारी माणसं याच शहरातली. तेव्हा कुणाला अंतर आठवत नाही.

सायकल: विकत घेण्याआधी पार्किंगमध्ये बघा

प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली किंवा मीटरच्या पेटीजवळ पाच-सात सायकली धूळ खात असतात. पोरं मोठी झाली, सायकल राहिली. नवी घेण्याआधी त्या चालत्या करा. एका रविवारी सायकल मिस्त्रीला हत्यारांसह बोलवा आणि त्याच्या दिवसाची मजुरी वर्गणीतून आधीच ठरवून द्या. त्याच्याकडून करून घ्यायचं ते एवढं: ट्यूब आणि व्हॉल्व्ह तपासणं, ब्रेकचे रबर आणि वायर बदलणं, चेन रॉकेलनं धुऊन ऑइल घालणं, हँडल आणि चाकांच्या छऱ्यांना ग्रीस, सैल स्पोक आवळणं. टायरच्या कडेला भेगा पडलेल्या असतील तर टायर बदलाच. उन्हात उभ्या राहिलेल्या सायकलीचं रबर कुजतं आणि नेमकं चौकात फुटतं.

सीटची उंची बरेच लोक चुकीची ठेवतात. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील एवढी खाली सीट ठेवली की गुडघे दुखतात आणि सायकलला दोष लागतो. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. मग चवड्यानं पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, आणि तसाच तो पाहिजे. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं. ज्यांना भीती वाटते त्यांनी पहिले पंधरा दिवस सीट थोडी खाली ठेवून मग बोटाबोटानं वर न्यावी.

सामानासाठी मागचं कॅरिअर आणि पुढची जाळीची बास्केट दोन्ही लावा. गिअरची, जाडजूड टायरची सायकल रुबाबदार दिसते, पण दूध-भाजीला साधी, मडगार्ड आणि चेनकव्हर असलेली सायकल बरी. चेनकव्हर नसेल तर साडी, ओढणी, पायजमा यांपैकी काहीतरी एक दिवस अडकणारच.

आता काटे. विजापूर रोडच्या कडेनं, मोकळ्या प्लॉटांतून वेडी बाभूळ माजलेली आहे, आणि पावसाळ्यानंतर सराटे. सराट्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर, म्हणून चाकात शिरणारच. पंक्चरला कंटाळून सायकल सोडणारे मी उन्हाला कंटाळणाऱ्यांपेक्षा जास्त पाहिलेत. उपाय असे: मोकळ्या प्लॉटातली शॉर्टकट पायवाट टाळा, डांबरीवरच राहा. टायर आणि ट्यूबच्या मधे घालायची पट्टी मिळते, ती दोन्ही चाकांना बसवा. टायरच्या बाजूला लिहिलेल्या आकड्याइतकी हवा ठेवा. कमी हवेत काटा लवकर घुसतो आणि पेडलही जड जातं. सोसायटीत एक उभा पंप साखळीनं बांधून ठेवा. काटा घुसलेला दिसला तर रस्त्यात उपटू नका. काटा असेपर्यंत हवा हळू जाते, उपटला की चाक लगेच बसतं. दुकान गाठा, मग काढा.

कुत्र्यांचं सांगायचं तर वेग वाढवू नका. थांबा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे ठेवून चालत पुढे जा. पळणाऱ्या चाकामागे धावणारं कुत्रं चालत्या माणसापाशी बहुतेक वेळा गप्प होतं.

दोन-तीन सायकली सामायिक ठेवायच्या तर आकड्याचं कुलूप लावा, किल्ली लावू नका; किल्ली नेहमी त्या माणसाकडे असते जो पुण्याला गेलेला असतो. आकडा ग्रुपवर. ज्याच्या हातून पंक्चर होईल त्यानं काढायचं, बाकी दुरुस्ती मेंटेनन्समधून. रात्रीसाठी मागे लाल रिफ्लेक्टर आणि लाइट हवाच.

गुडघे किंवा चढ यामुळे अडत असेल तर बॅटरीची सायकल बघा. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर तिला नोंदणी किंवा लायसन लागत नाही. घेताना बिलावर हे दोन आकडे लिहून घ्या, कारण त्याच रूपाच्या जास्त ताकदीच्या गाड्याही ‘लायसन लागत नाही’ म्हणून विकल्या जातात. बॅटरी काढून घरात नेता येईल असंच मॉडेल घ्या. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, तासभर निवू द्या.

शाळा आणि क्लास

शाळेच्या गेटवर सकाळी जी कोंडी होते ती मुलांना सोडायला आलेल्या गाड्यांचीच. पालक म्हणतात, रस्ता धोक्याचा म्हणून कार. आणि रस्ता धोक्याचा झालेला असतो या कारमुळे.

एका कॉलनीतली सहा-आठ मुलं एकाच शाळेत जात असतील आणि अंतर दीड किलोमीटरच्या आत असेल तर पायी टोळी बांधा. दोन मोठी माणसं लागतात, एक पुढे, एक मागे. पालकांच्या पाळ्या वारांनी लावा. आठवड्यातून एक-दोनच दिवस वाट्याला येतात, म्हणून नोकरीवाल्यांनाही जमतं. वाटेत थांबे आणि वेळा ठरवा (‘दूध डेअरीपाशी ७.१०’) आणि उशीर झालेल्या मुलासाठी थांबायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा, नाहीतर आठवड्यात टोळी मोडते. प्रत्येक पालकाची लेखी संमती आणि फोन नंबर दोन्ही मोठ्यांकडे असू द्या. सुरुवात शनिवारपासून करा. बऱ्याच शाळांत त्या दिवशी दप्तर हलकं असतं.

शाळा लांब असेल तर गेटपासून तीन-चारशे मीटरवर शांत गल्लीत उतरवून पुढे चालू द्या. मुख्याध्यापकांना भेटून ती जागा सगळ्या पालकांसाठी ठरवून घेता आली तर गेटासमोरची कोंडी त्याच आठवड्यात ओसरते.

आठवी-नववीच्या पोराला क्लासला जायला स्कूटर देणारे पालक आहेत. त्यांना कायदा माहीत असावा: अठराच्या आत गाडी चालवता येत नाही, अपवाद फक्त सोळानंतर ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचा, तोही लायसन काढूनच. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच वयाला सायकल अगदी बरोबर बसते.

शेअर रिक्षा आणि सिटी बस

दोन-तीन किलोमीटरसाठी, हातात सामान असताना किंवा उन्हात, शेअर रिक्षा हा चांगला मार्ग आहे. ठरलेल्या मार्गावर माणसं भरूनच ती जाते, म्हणजे फेरी आधीच जोडलेली. आपल्या कॉलनीतून मुख्य रस्त्यावर कुठे उभं राहिलं की रिक्षा लगेच मिळते, शेवटची केव्हा, सुट्टे किती, हे नव्या माणसाला माहीत नसतं. ते एका कागदावर लिहून लावा. सिटी बसचा मार्ग आणि वेळ आधी स्वतः दोनदा बसून खात्री केल्याशिवाय कुणाला सुचवू नका.

महापालिकेकडे काय आणि कसं मागायचं

‘फूटपाथ सुधारा’ असा अर्ज फायलीत जातो. एका अर्जात एकच जागा, एकच दोष, दोन फोटो आणि टेपनं घेतलेलं माप. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत निवासी भागात पायी चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. तुमच्या रस्त्यावर ती विजेच्या डीपीपाशी ०.६ मीटर भरत असेल तर तेवढंच लिहा. झोन ऑफिसला अर्ज द्या, पोच घ्या, महिन्यानं त्याच पोचेची झेरॉक्स जोडून स्मरणपत्र. नगरसेवकाला वेगळं भेटा, प्रत्यक्ष जागेवर बोलवा, आणि शक्य असेल तर कॉलनीतल्या एखाद्या आजींना सोबत घेऊन तो चौक ओलांडायला लावा.

फूटपाथवरचे फेरीवाले उठवा, ही मागणी अर्जात घालू नका. पथविक्रेत्यांना २०१४ च्या कायद्यानं संरक्षण आहे, आणि आपल्या गरजेच्या वस्तू चालत्या अंतरावर आणून ठेवणारा तोच माणूस आहे. मागायचं असेल तर गाडे एका रांगेत लावून चालायला पट्टा मोकळा ठेवा, असं मागा. फूटपाथवर चढवलेल्या कार हलवायला सांगणं जास्त न्याय्य, भले त्यात आपल्याच सोसायटीची एखादी निघेल.

पटवताना

पहिल्या बैठकीत कुणाला गाडी सोडायला सांगू नका. प्रत्येक घरानं आपल्या कागदावरची एकच फेरी निवडावी, जी सगळ्यात फालतू वाटते ती. गुडघ्याचं दुखणं, गरोदरपण, अपंगत्व, रात्रीचा दवाखाना, एकट्या बाईला अंधाऱ्या रस्त्यानं जावं लागणं, यांसाठी गाडी आहेच आणि ती वापरावी. याबद्दल कुणाला टोमणा बसू नये. सूचना फळ्यावर लावाल तर आपल्या भागात कन्नड किंवा तेलुगू बोलणारी घरं किती ते बघून त्या भाषेतही लावा. घरकामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन, इस्त्रीवाले आधीपासून पायी किंवा सायकलनंच येतात. कुठल्या गल्लीत दिवा नाही, कुठलं झाकण उघडं आहे, हे त्यांना सगळ्यात आधी ठाऊक असतं. नकाशा त्यांच्याकडून तपासून घ्या.

दुसऱ्यांदा कागद लावायचा तो दोन महिन्यांनी, आणि शक्यतो त्याच ऋतूत. जानेवारीत मोजून मेमध्ये ताडून बघितलं तर आकडे काहीच सांगणार नाहीत. आधी गळतात त्या भाजी आणि जारच्या फेऱ्या, शाळेची फेरी सगळ्यात उशिरा. भाजीची फेरी दोन महिन्यांनीही कागदावर तशीच दिसत असेल तर लोकांना बोल लावण्याआधी गेटवर जाऊन बघा, हातगाडी खरंच ठरल्या वेळी येते का.